राष्ट्रीय सुरक्षा आणि खासगी उद्योग : कायद्यातील एक उणीव

26 नोव्हेंबर 2008 रोजी मुंबईतील ताज व ओबेरॉय-ट्रायडंट ही हॉटेले दहशतवाद्यांचे लक्ष्य ठरली. ताजमधील अनेक पाहुण्यांना सेवकवर्गाने मागील मार्गांनी बाहेर काढले. त्यात काही कर्मचाऱ्यांनी प्राण गमावले. इमारतीची खडान्‌खडा माहिती होती ती याच माणसांकडे.

कायद्याने मात्र वेगळीच दिशा धरली. 2009 च्या दुरुस्तीने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल खर्चाच्या भरपाईवर खासगी आस्थापनांना उपलब्ध झाले व त्याच वर्षी इन्फोसिसच्या संकुलात तैनातही झाले. ज्याची ऐपत त्याला संरक्षण, असाच याचा व्यावहारिक अर्थ होतो. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 दुसरे टोक गाठतो. कलम 65 अन्वये बचावकार्यासाठी जागा, वाहने व साधनसामग्री अधिग्रहित करता येते. कलम 66 त्याचा मोबदला ठरविते. म्हणजे उद्योजक एकीकडे ग्राहक, तर दुसरीकडे निव्वळ ट्रकमालक! संकटापूर्वीच्या नियोजनातील त्याचे स्थान या तरतुदींत आढळत नाही. प्रवेशद्वारावरील रक्षकास 2005 चाच खासगी सुरक्षा अभिकरणविषयक अधिनियम प्रशिक्षण सक्तीचे करतो खरा. स्वयंपाकी, वाढपी, दूरध्वनीचालक मात्र त्याच्या कक्षेबाहेरच राहतात.