पुनरुत्थानाचे दोन पाठ : झुबीन मेहता, माहलर आणि अन्वयार्थाची मर्यादा

नाटकाची संहिता आणि तिचा प्रयोग यांच्या परस्परसंबंधाची चर्चा मराठी समीक्षेत पुष्कळ झाली आहे. पाश्चात्त्य अभिजात संगीतातील लिखित स्वरसंहिता आणि तिचे वादन यांचा विचार मात्र क्वचितच झालेला दिसतो. सिंफनीत प्रत्येक वाद्याचा प्रत्येक स्वर रचनाकाराने आधीच लिहून ठेवलेला असतो. असे असूनही एकाच सिंफनीची दोन ध्वनिमुद्रणे दोन भिन्न कृतींसारखी भासतात. मग 'नवा अन्वयार्थ' नेमका कोठे वसतो? संहितेत, संचालकाच्या मनात, की ज्या स्थळकाळात ती वाजवली जाते त्यात? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मुंबईत जन्मलेल्या झुबीन मेहता यांनी गुस्टाव्ह माहलरच्या दुसऱ्या सिंफनीचे केलेले दोन प्रयोग उपयोगी पडतात. एक 1975 चा, व्हिएन्ना फिलहार्मोनिकसह डेक्का कंपनीसाठी ध्वनिमुद्रित झालेला. दुसरा 1988 चा, इस्रायल फिलहार्मोनिकसह मसादाच्या पायथ्याशी झालेला आणि चित्रफितीच्या रूपाने उरलेला.

१

'पुनरुत्थान' या नावाने ओळखली जाणारी ही सिंफनी 1888 ते 1894 या काळात सिद्ध झाली आणि 1895 च्या डिसेंबरात बर्लिन येथे माहलरच्याच संचालनाखाली प्रथम संपूर्णपणे सादर झाली. पहिला खंड मुळात 'मृत्युसोहळा' या अर्थाचे शीर्षक असलेली स्वतंत्र रचना होती. शेवट कसा करावा हे माहलरला कित्येक वर्षे सुचत नव्हते. 1894 मध्ये संचालक हान्स फॉन ब्यूलो यांच्या अंत्यविधीत क्लोपस्टोकचे पुनरुत्थानगीत ऐकू आले आणि त्याला वाट सापडली. त्याने त्या गीताची पहिली दोन कडवी घेतली, उरलेली वगळली आणि पुढचा मजकूर स्वतः रचला. म्हणजे सिंफनीच्या संहितेतच एका जुन्या संहितेचे निवडक वाचन दडलेले आहे. माहलर येथे रचनाकार होण्यापूर्वी वाचक आहे.

या काव्यमजकुराचे एक व्याकरणिक वैशिष्ट्य पुढील विवेचनाला महत्त्वाचे ठरते. त्यातील संबोधन एकवचनी आहे. पुन्हा उठण्याचे आश्वासन दिले जाते ते स्वतःच्या मातीला. श्रद्धा ठेवण्याची विनवणी केली जाते ती स्वतःच्या हृदयाला. परंतु हे एकवचन उच्चारतो तो समूह. संहितेची सूचना अशी की समूहगायकांनी जवळजवळ ऐकूच येणार नाही इतक्या हळू स्वरात प्रवेश करावा. एकाकी जीवाचे स्वगत अनेकांच्या मुखातून, पण कुजबुजीसारखे, यावे अशी ही योजना आहे. मराठी वाचकाला हे अपरिचित वाटू नये. अभंगातला 'मी' एकट्याचा असतो, त्याची नाममुद्राही एकाच कवीची असते. पण तो अभंग दिंडीत शेकडो कंठांतून उमटतो. एकवचन आणि बहुवचन यांतील हा ताण अभंगाच्या सामर्थ्याचा एक भाग आहे, तसाच तो या सिंफनीच्याही गाभ्याशी आहे.

२

मेहतांची घडण दुहेरी आहे. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक होते व 1935 मध्ये त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला. 1936 मध्ये जन्मलेले झुबीन 1954 मध्ये व्हिएन्नाला गेले आणि हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे संचालन शिकले. स्वारोव्स्की हे शोनबर्ग व वेबर्न यांचे शिष्य. लयींचे परस्परप्रमाण आणि लिखित संहितेशी काटेकोर निष्ठा यांवर त्यांच्या शिकवणुकीचा भर होता. भावनेच्या भरात लय ताणण्याची सवय त्यांना मान्य नव्हती.

1975 चे ध्वनिमुद्रण या शिस्तीचे फळ आहे. पहिल्या खंडाच्या आरंभी चेलो आणि बास यांचे जे तुटक आघात येतात, त्यांना माहलरने एक वेगवान लय दिली आहे आणि मधल्या विरामांना दुसरी, संथ. मेहता हा विरोध गुळगुळीत करीत नाहीत. आघात कठोर राहतात, विराम पोकळ राहतात आणि त्या पोकळीतच मृत्यूची जाणीव उमटते. चौथ्या खंडात क्रिस्टा लुडविग यांचा स्वर शोकाला नाट्याची झालर लावीत नाही. अंतिम खंडात इलियाना कोत्रुबास यांचा स्वर समूहाच्या कुजबुजीतून जणू नकळत वर येतो. एकवचन बहुवचनातून सुटे होण्याचा हा क्षण या ध्वनिमुद्रणात विलक्षण स्वच्छ ऐकू येतो.

नेल्सन गुडमन यांनी 1968 च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले होते की संगीतकृतीची ओळख ठरते ती स्वरांकनातून. शब्दांनी दिलेल्या लयसूचना त्या काटेकोर अंकनात मोडत नाहीत. ही भूमिका अनेकांना कोरडी वाटली आहे. पण तिचा एक उपयोग आहे. अंकनाने जे बांधलेले नाही तेच अन्वयार्थाचे क्षेत्र, हे तिच्यामुळे स्पष्ट होते. लयीचे प्रमाण, आवाजाचा तोल, विरामाची लांबी, दूर आणि जवळ यांचे अंतर या मोकळ्या जागांतच संचालक 'वाचतो'. 1975 चा मेहतांचा पाठ नवा ठरतो तो या जागा संहितेच्याच तर्काने भरल्यामुळे.

३

1988 च्या ऑक्टोबरातील प्रयोगाची गोष्ट निराळी आहे. इस्रायलच्या स्थापनेच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त तो मसादाच्या पायथ्याशी वाळवंटात उघड्यावर झाला. रोमन सैन्याने वेढलेल्या या डोंगरी किल्ल्यावरील ज्यूंनी शरणागतीऐवजी मरण पत्करले, अशी हकिकत इतिहासकार जोसीफसने नोंदवली आहे. माहलर जन्माने ज्यू. व्हिएन्नाच्या दरबारी संगीतगृहाचे पद मिळण्याच्या सुमारास, 1897 मध्ये, त्याने कॅथलिक पंथाची दीक्षा घेतली. नात्सी राजवटीत त्याचे संगीत बंदिस्त झाले होते. अशा रचनाकाराची 'पुनरुत्थान' सिंफनी अशा ठिकाणी वाजते तेव्हा आधीच्या मोकळ्या जागा इतिहास भरू लागतो.

येथे प्रसंग आणि अन्वयार्थ यांत भेद करणे आवश्यक ठरते. तो भेद स्पष्ट करणारे एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण वडूज. त्याच तालुक्यातील औंध संस्थानात अंतुबुवा जोशी राजगायक होते. त्यांनीच 1940 मध्ये शिवानंदस्वामींच्या स्मरणार्थ औंधला संगीतोत्सव सुरू केला. त्यांचे पुत्र गजाननबुवा जोशी गायक तसेच व्हायोलिनवादक. मेहली मेहतांच्या हातातले वाद्य तेच, पण त्याचे संहितेशी नाते अगदी उलटे: एकाचे व्हायोलिन लिखित स्वरांच्या आज्ञेत, दुसऱ्याचे गायकीच्या मागोमाग जाणारे. ग्वाल्हेरची तालीम घरातच मिळालेल्या गजाननबुवांनी आग्रा आणि जयपूर घराण्यांचीही विद्या घेतली. ख्यालाची बंदिश दोनचार ओळींची. तिच्यातल्या मोकळ्या जागा अफाट. त्या कोणत्या शिस्तीने भरायच्या हे घराणे शिकवते. औंधच्या उत्सवात गायिली जाणारी बंदिश स्वामींविषयी असतेच असे नाही. स्मरणाचा प्रसंग श्रोत्याच्या मनाची तयारी करतो, पण रागविस्ताराचे नियम बदलत नाही. प्रसंग गाण्याभोवती असतो. अन्वयार्थ गाण्यात असतो.

मसादाचा प्रयोग हा भेद पुसू पाहतो, आणि तेथेच त्याची परीक्षा होते. अंतिम खंडात माहलरने काही पितळी व तालवाद्ये मंचाबाहेर, दूरवर ठेवण्यास सांगितले आहे. अंतिम हाक जगाच्या पलीकडून यावी आणि वाद्यवृंदातल्या बासरीने एखाद्या शेवटच्या पक्ष्यासारखे तिला उत्तर द्यावे, अशी ती रचना आहे. व्हिएन्नाच्या सोफिएनझाल सभागृहात, जे पुढे 2001 मध्ये आगीत नष्ट झाले, हे 'पलीकडे' ध्वनिमुद्रणाच्या तंत्राने घडवलेले होते. भिंती होत्या म्हणून बाहेर होते. वाळवंटात भिंतीच नाहीत. तेथे दूरची तुतारी कोठून आली याला निश्चित उत्तर मिळते: ती त्या डोंगराकडून, त्या इतिहासाकडून येते. अनिश्चित पारलौकिक हाक निश्चित राष्ट्रीय हाक बनते. एकवचनी आश्वासन ज्याला दिले होते तो जीव समूहात विरघळतो.

हा अन्वयार्थ बळकट आहे, खोटा नाही. समूहाच्या मुखी एकवचन घालून माहलरनेच त्याला दार उघडून दिले होते. परंतु संहितेतील ताणाची एक बाजू त्यात पूर्णपणे जिंकते, आणि ताण संपला की कृतीतील काहीतरी मावळते.

४

रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसे'त (1974) लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांमध्ये कलाविचार ताणलेला असतो, हे दाखवून दिले. मर्ढेकरांच्या लयविचारात शुद्ध स्वररचना दुसऱ्या ध्रुवाजवळ जाते. मेहतांचे दोन पाठ हे दोन्ही ध्रुव एकाच संचालकाच्या कारकिर्दीत उभे करतात. 1975 चा पाठ स्वररचनेच्या अंतर्गत न्यायाने चालतो, तरी मृत्यूचा लौकिक अर्थ गमावत नाही. 1988 चा पाठ लौकिक अर्थाने भारलेला आहे आणि त्या भाराखाली रचनेचा एक सांधा झुकतो. म्हणून अधिक श्रेष्ठ पाठ पहिलाच मानावा लागतो.

या निष्कर्षापर्यंत पोहोचताना चरित्रात्मक समीक्षेचा मोह टाळणेही गरजेचे आहे. मेहता पारशी आहेत आणि झरतुष्ट्री परंपरेतही मृतांच्या पुनरुत्थानाची कल्पना आहे. या दुव्यावरून त्यांचा पाठ सहज 'उलगडता' येईल. पण तो दुवा ध्वनिमुद्रणात ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येत नाही ते अन्वयार्थाचा पुरावा ठरू शकत नाही. स्वतः माहलरने या सिंफनीसाठी कथासूत्रे लिहिली आणि पुढे अशी टिपणे मागे घेतली. रचनाकाराचा हेतू जेथे स्वतःलाच खोडतो तेथे संचालकाचे चरित्र काय सिद्ध करणार?

ध्वनिमुद्रणाने आणखी एक गोष्ट केली आहे. एके काळी प्रयोग विरून जाई आणि संहिता उरे. आता प्रयोगही उरतो आणि स्वतःच संहिता होतो. 1988 चा मसादा 1975 च्या व्हिएन्नाशेजारी ठेवून ऐकला जातो. दुसरा पाठ माहलरवर जेवढे भाष्य करतो तेवढेच पहिल्या पाठावरही करतो. समीक्षेचे काम यामुळे सोपे झालेले नाही. कोणत्याही नव्या पाठाला विचारण्याचा प्रश्न मात्र नेमका झाला आहे: त्याने संहितेतल्या मोकळ्या जागा भरल्या, की बुजवल्या?