महानुभावांची सकळ लिपि : एक विचार

महानुभाव पंथानें आपले ग्रंथ सांकेतिक लिपींत कां ठेविले, या प्रश्नास बहुधा एकच उत्तर दिलें जातें : परचक्राचें भय व स्वकीयांचा द्वेष. हें उत्तर खोटें नाहीं. पण अपुरें आहे.

प्रथम कालक्रम पाहावा. म्हाइंभटाचें लीळाचरित्र शके १२०० च्या (इ. स. १२७८) सुमाराचें, सकळ लिपि प्रचारांत आली ती त्यानंतर, चौदाव्या शतकांत. म्हणजे हें वाङ्मय जन्मास आलें तें उघड्यावर. चक्रधरांनीं स्त्रीशूद्रांस संन्यासमार्ग मोकळा केला. त्यांस कळावें म्हणून मराठी ही धर्मभाषा ठरली. म्हाइंभटानें प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडे जाऊन आठवणी मिळविल्या, त्यामुळें बोलतें गद्य ग्रंथांत उतरलें. महदाइसेचे धवळे लग्नगीतांच्या वळणाचे, तेंही याच मोकळेपणाचें फळ होय.

पुढें मात्र संस्कृताचें कुंपण मोडणाऱ्या या पंथानें लिपीचें नवें कुंपण घातलें. देवनागरी वर्णांच्या जागीं ठराविक दुसरीं चिन्हें आलीं, आणि पोथी वाचतां येणें हीच पंथीयाची खूण झाली. यांत लाभ होता. चोहोंकडून तुटलेला समाज या खुणेनें एकत्र राहिला. पंजाबांतील जयकृष्णी अनुयायीही धर्मग्रंथांसाठीं मराठी धरून राहिले. हानिही तेवढीच झाली. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाडे यांनीं लिपीचा उलगडा करीपर्यंत मराठी गद्याचा हा आद्य नमुना इतर मराठी लेखकांच्या दृष्टीआड राहिला. आणि पंथाविषयीं जे प्रवाद पसरले, त्यांचें उत्तर ज्या पोथ्यांत होतें त्याच बाहेरच्यांस वाचतां येत नव्हत्या. पंथाच्या निंदेस निंदक जसे कारण झाले, तशी थोडी ही लिपिही झाली, असें आमचें मत आहे.

म्हणून संग्राहकांस एक विनंति. बाळबोध नक्कल हातीं आली म्हणजे मूळ सकळ पोथीचें काम संपलें, असें मानूं नये. एक चिन्ह चुकून वाचलें गेलें, तर ती चूक नकलेवरून उमगत नाहीं. शिवाय पोथी कोणत्या मठांतील, लेखनकार कोण, समाप्तीस शक कोणता, समासांत पाठभेद कोणते, हें सर्व टिपून ठेवावें. लिपि हें ग्रंथाचें नुसतें वेष्टन नव्हे. एका बहिष्कृत समाजानें स्वतःस कसें ओळखिलें, याचा तो अस्सल कागद आहे.