व्हिटा टेकडीवरची दोन स्मारकं

माल्कम साहेबाचं नाव आपल्या बैठकीत निघालं नाही असा महिना जात नाही. अहिल्याबाईंवर बोलायचं तर त्याचं 1823 चं 'मेमॉयर ऑफ सेंट्रल इंडिया' काढावं लागतं. महूच्या छावणीवर बोलायचं तरी तोच. आणि महिदपूरला क्षिप्रा ओलांडून होळकरी तोफांवर चालून आलेलाही तोच. म्हणून मुलीकडे इंग्लंडात गेलो, तेव्हा सरहद्द ओलांडून स्कॉटलंडातल्या डम्फ्रीसशायरमध्ये त्याचा मुलूख बघायचा हे ठरवूनच गेलो होतो. प्रवासवर्णन लिहीत नाही. तिथली स्मारकं स्मारक म्हणून कशी वाटली, एवढंच मांडतो.

मुलूख मेंढरांचा आणि लोकरीचा. मॉफट गावात तर कारंज्यावर चक्क एक मेंढा उभा आहे, 1875 सालचा. त्याला कान नाहीत. मला तो फार आवडला. ज्या जनावरावर गाव जगलं त्याचा पुतळा, यात खोटं काही नाही.

माल्कमचं गाव लँगहोम. लिहितात तसं, पण तिथली माणसं 'लँगम' म्हणतात. जवळच्या बर्नफूटला 1769 साली त्याचा जन्म झाला. सतरा भावंडं, बाप शेतकरी. जॉन पोरवयातच कंपनीच्या फौजेत मद्रासला आला. पुढे 1815 साली या एका घरातले तीन भाऊ एकदमच 'सर' झाले. त्यांतल्या पल्टनी या दर्यासारंगाचा संगमरवरी पुतळा गावात आहे. नेपोलियन सेंट हेलेनावर कैदेत असताना तिथल्या आरमाराचा प्रमुख होता तो. पुतळा ठीक आहे, जास्त काही सांगण्यासारखं नाही.

जॉनचं स्मारक मात्र गावाच्या डोक्यावर, व्हिटा टेकडीवर. शंभर फुटी दगडी स्तंभ, 1835 चा, म्हणजे तो वारल्यावर दोन वर्षांनी उभारलेला. वर चढताना दम लागतो. तिथे पोचल्यावर बघायला काय, तर दगड. चेहरा नाही, हातात तलवार नाही, पुस्तक नाही, कुठला प्रसंग कोरलेला नाही. घडण इजिप्तची, टेकडी स्कॉटलंडची, कर्तबगारी हिंदुस्थान-इराणातली, आणि या तिन्हींचा एकमेकींशी काही बोलणं झाल्याचं दिसत नाही. लांबून मात्र तो उठून दिसतो. मला वाटतं त्याचं काम तेवढंच होतं: आमच्या खोऱ्यातला माणूस मोठा झाला, हे सगळ्या खोऱ्याला मान वर करून बघायला लावायचं. कुठे मोठा झाला आणि कुणाच्या जिवावर, हे उंचीत सांगता येत नाही.

आता 21 डिसेंबर 1817 चा दिवस आठवा. आदल्याच दिवशी तुळसाबाईंना आपल्याच लष्करातल्या लोकांनी मारलं होतं. गादीवर मल्हारराव, वय लहान. अशाही स्थितीत होळकरांचे गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, हे इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. सहा जानेवारीला मंदसोरचा तह झाला. त्याच वर्षी जूनमध्ये दुसरा बाजीराव याच माल्कमच्या हवाली झाला. माल्कमने त्याला सालीना आठ लाखांची नेमणूक कबूल केली आणि त्यावरून वरिष्ठांची नाराजी ओढवून घेतली. लढणारा, तह करणारा, हरलेल्याला जास्त देणारा आणि मग माळव्यातल्या लोकांना विचारून विचारून अहिल्याबाईंची आठवण लिहून काढणारा, असा हा गुंतागुंतीचा माणूस. मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलात चँट्रीने घडवलेला त्याचा पुतळा आहे. त्याच्यासमोर उभं राहून निदान भांडता तरी येतं. स्तंभाशी भांडणार कसं?

याच टेकडीच्या दुसऱ्या अंगाला, रस्त्यालगत, ह्यू मॅकडर्मिड या कवीचं स्मारक आहे. जेक हार्वी या शिल्पकाराने केलेलं, 1985 चं. पोलाद आणि कांस्य यांचं भलंमोठं उघडं पुस्तक. पानांत त्याच्या कवितांमधल्या आकृत्या, आणि मधल्या फटींतून पलीकडचं आभाळ नि माळ दिसतो. मॅकडर्मिड लँगमचाच, टपालवाल्याचा पोरगा. स्कॉट राष्ट्रवादी, वर कम्युनिस्ट आणि जिभेचा तिखट. गावाचं नि त्याचं कधी धड जमलं नाही. 1972 साली लँगमने पहिल्यांदाच कुणाला तरी 'फ्रीमन' हा मान दिला, तो कुणाला, तर चंद्रावर गेलेल्या नील आर्मस्ट्राँगला, कारण आर्मस्ट्राँग हे कूळ इकडचं! कवी तेव्हा जिवंत होता, ऐंशीला टेकलेला.

पुस्तकाची उंची स्तंभापुढे काहीच नाही. पण त्याच्याजवळ माणसं थांबतात. एक आजोबा नातवाला बोट धरून एकेक आकृती दाखवत होते. पोरगा विचारत होता, हे काय, ते काय. स्तंभापाशी मी अर्धा तास बसलो. तिथे आलेल्यांनी पायथ्याशी पाठ टेकली, खालचं खोरं बघितलं, फोटो काढले आणि उतरले. त्यांचं काही चुकलं असं नाही. स्तंभाने त्यांना दुसरं काही करायला दिलंच नव्हतं.

आणखी एक. पूल-कालवे बांधणारा टेलफर्ड याच खोऱ्यातला, माल्कमचा दोस्त. बेंटपाथला त्याचं स्मारक आहेच, पण त्याने मृत्युपत्रात इथल्या वाचनालयांसाठी पैसे ठेवले. लँगमच्या वाचनालयाच्या इमारतीतच मॅकडर्मिडचं बालपण गेलं आणि त्याने तिथली पुस्तकं टोपल्या भरभरून वाचली.

हे सगळं आपल्यापुढे मांडायचं कारण महिदपूर. तिथे काहीतरी उभारावं, असं आपल्यातले बरेच जण म्हणतात, आणि कागदावर रेघ ओढायला घेतली की प्रत्येकाच्या हातून स्तंभच उतरतो. माझा त्याला विरोध आहे. क्षिप्रेच्या उताराशी, कमरेएवढ्या उंचीच्या ओट्यावर, धातूचा नकाशा करावा. तोफा कुठे होत्या, फौज कुठून उतरली, ते बोट ठेवून पोरांना दाखवता यावं. मजकूर हिंदी, मराठी आणि माळवीतही हवा. माल्कमचं नाव त्यात असावं, गोलंदाजांचंही असावं. तुळसाबाईंचं काय झालं ते लिहायचं की नाही, यावर बैठकीत भांडण होणार हे मला दिसतंय. माझं मत आत्ताच नोंदवून ठेवतो: लिहायचं.