चार हात पॉलिश

नाटकाची समीक्षा होते, गाण्याची होते, दिवाळी अंकांची तर फराळ संपायच्या आत होते. पॉलिशची समीक्षा मात्र मराठीत कोणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मी बी.कॉम., त्यातून बँकेत कारकून. म्हणजे कलेच्या प्रांतात माझं खातंच नाही. तरीपण जुन्या फोनोच्या पेट्यांचा जो जीर्णोद्धार पुण्यात चालतो, त्याबद्दल कोणीतरी बोलायला हवं.

दिवाणखान्यात फोनो असणं हे हल्ली खानदानी असल्याचं लक्षण. आजोबांनी ठेवला नसेल तर जुन्या बाजारातून आणायचा आणि आजोबांची गोष्ट मागाहून जोडायची. मग पॉलिशवाल्याला बोलवायचं. तो एकदा पेटीकडे बघतो, एकदा आपल्याकडे, आणि म्हणतो, "साहेब, एकदम नवीन करून देतो." आपण खूश! जुनी म्हणून जास्त पैसे मोजायचे आणि नवी करायला वर आणखी मोजायचे, हा व्यवहार माझ्या तरी जमाखर्चात बसत नाही.

आमच्या मामींकडचा फोनो मुलांनी हौसेनं असाच नवा करून आणला. कलाकृती म्हणून बोलायचं तर चकाकी अव्वल. झाकणात बघून भांग पाडावा. पण महोगनीच्या रेषा त्या मेलामाइनच्या थराखाली बरणीतल्या लोणच्यासारख्या दिसत होत्या. कडा बोथट, कारण पॉलिशपेपरला कड कळत नाही. झाकणातलं कंपनीचं सोनेरी चित्र साफ गेलेलं. अशा पेट्यांवर महोगनीचा बऱ्याचदा पातळ पापुद्राच असतो. तो एका कोपऱ्यात घासून संपला होता आणि खालचं साधं लाकूड बाहेर डोकावत होतं. सगळे "वा, वा" म्हणाले. मामी तेवढ्या झाकणाच्या उजव्या कोपऱ्यावरून बोट फिरवत राहिल्या. म्हणाल्या, "इथं यांचा हात लागून लागून फिकट झालं होतं रे."

मामांना जाऊन सहा वर्षं झाली. पॉलिशवाल्यानं पेटीला चार हात दिले होते, आणि त्यात एक हात पुसला गेला होता.

दोष त्या कारागिराचा नाही. 'चकचकीत पाहिजे' असं आपणच बजावतो. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत कागदी लेजरं होती. आकडा चुकला तर खोडरबर लावायचं नाही, हा पहिला धडा. वरून एक रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा, सही करायची. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. पेटीवरचा जुना थर हेही त्या घराचं लेजरच. गरम चहाच्या कपाचं पांढरं कडं, चावी फिरवताना पडलेला ओरखडा, या सगळ्या नोंदीच आहेत.

आणि गंमत म्हणजे त्या नोंदी राखणं खोडण्यापेक्षा सोपं असतं. पेटीच्या खालच्या, न दिसणाऱ्या भागावर स्पिरिटचा बोळा टेकवायचा. थर चिकट झाला तर ती लाख समजायची. मग टर्पेंटाइननं किंचित ओलावलेल्या मऊ फडक्यानं वर्षानुवर्षांचा मळ काढायचा; लाखेला त्याचा सहसा त्रास होत नाही. निम्म्या वेळा तेवढ्यावरच भागतं, कारण आपण ज्याला 'खराब पॉलिश' म्हणतो तो नुसता मळ असतो. उरलंसुरलं असेल तिथे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचा पातळ हात द्यायचा. सोनेरी चित्रापासून मात्र स्पिरिट लांब ठेवायचं. नव्या लाखेतल्या स्पिरिटनं जुन्या लाखेचा वरचा थर सैल होतो आणि दोन्ही एकजीव होतात. इतका समजूतदारपणा सासू-सुनांतही विरळा! लाख आपल्याच देशातल्या किड्यांची करणी. ती पेटीच्या पॉलिशात असे आणि आत वाजणाऱ्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीतही असे. कौरवांनी तिचं घर बांधलं ते जाळण्यासाठी. आपण निदान घासून तरी काढू नये.

शुक्रवार पेठेत दिनकर केळकरांचं संग्रहालय आहे. जन्मभर जमवलेला हा संसार त्यांनी सरकारच्या हवाली केला. तिथल्या अडकित्त्यांना कुणी क्रोमियमचा मुलामा दिला असता तर आपण तिकीट काढून काय बघितलं असतं? भांड्यांचं दुकान लक्ष्मी रोडवर फुकट बघता येतं.

'नवीन हात द्यायचाच नाही का मग?' असं कोणी विचारील. द्यावा की! कर्ण्यापुढे कान टवकारून बसलेला तो कुत्रा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. फ्रान्सिस बॅरो या चित्रकारानं मुळात त्याला एडिसनच्या पद्धतीच्या, नळकांडं वाजवणाऱ्या फोनोग्राफपुढे बसवलं होतं. १८९९ साली ग्रामोफोन कंपनीनं चित्र घेताना अट घातली की आमचं यंत्र काढा. बॅरोनं जुन्यावरच नवं रंगवलं. पॉलिशपेपर काही मारला नाही. म्हणून मूळ चित्राकडे तिरप्या नजरेनं पाहिलं तर रंगाखालचा तो पहिला फोनोग्राफ अजून जाणवतो. कुत्रा ऐकतोय नव्याचं, बसलाय मात्र जुन्याच यंत्रापुढे. पॉलिश करावं तर असं.