लोखंडे, टार्बेल आणि स्वदेशी गिरणी

अमेरिकेतील कारखानदारीच्या टीकाकारांविषयी वर्गात बोलणे चालले असता एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, आपल्याकडे असे कोणी का झाले नाही?" उत्तर सोपे वाटले होते, घरी आल्यावर ते तितकेसे सोपे नाही असे ध्यानात आले.

बोलणे आयडा टार्बेल यांच्यासंबंधी होते. पेनसिल्व्हेनियाच्या तेलभूमीत वाढलेल्या या बाईंनी 1902 पासून ‘मॅक्ल्युअर्स’ मासिकात रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीचा इतिहास क्रमशः लिहिला. त्यात आक्रोश थोडा व कागद फार. रेल्वेकंपन्यांशी गुप्त करार करून भाड्यात सूट कशी मिळविली, प्रतिस्पर्धी कसे बुडविले, हे त्यांनी कोर्टातील जबान्यांच्या आधारे मांडले. 1911 साली सर्वोच्च न्यायालयाने ती कंपनी मोडली, याचे सारे श्रेय त्यांस देणे भोळेपणाचे होईल. परंतु लोकमत घडविण्यात त्यांच्या लेखणीचा वाटा मोठा होता.

आपल्याकडे कोणी झालेच नाही, हे मात्र खरे नव्हे. त्याच्या अठरा वर्षे आधी, 1884 साली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांची सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे धाडला. रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. या मागण्यांचा माफकपणा पाहून आज आपणासच संकोच वाटावा! रविवारची सुटी मिळण्यास 1890 साल उजाडले. ‘दीनबंधु’ पत्र लोखंड्यांच्याच हाती होते. तरीही सुशिक्षित वाचकवर्ग त्यांच्यामागे उभा राहिला नाही.

याचे कारण त्यांच्या लेखणीत नसून गिरणीच्या मालकीत आहे, असे माझे मत आहे. कामगारांच्या कायद्याचा आग्रह लँकेशायरचे गिरणीवालेही धरीत होते, आणि त्यामागे दयेपेक्षा मुंबईच्या कापडाची धास्ती अधिक होती. म्हणून ‘केसरी’सारख्या राष्ट्रीय पत्रांनी त्या कायद्यास विरोध केला. हा विरोध निव्वळ धनिकांची तरफदारी होती असे मी म्हणणार नाही. पण त्याचा परिणाम असा झाला की, स्वदेशी मालकाचा दोष दाखविणारा परक्याचा हस्तक ठरू लागला. टार्बेलबाईंपुढे हा पेच नव्हता. लुटणारा व लुटला जाणारा दोघेही त्यांच्याच देशाचे, आणि तिसरा कोणी टपलेला नव्हता. (ज्या कामगारांच्या कायद्यास विरोध झाला, त्यांनीच 1908 साली टिळकांना शिक्षा होताच सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या, हेही विसरू नये.) 1921 साली मुळशीस टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट उभे राहिले, तेव्हाही वीज स्वदेशी आणि बुडणारी शेते मावळ्यांची, हाच पेच होता.

ललित वाङ्मयात मामा वरेरकरांनी 1933 साली ‘धावता धोटा’ लिहून गिरणगाव मराठी कादंबरीत आणले, हे त्यांचे ऋण मोठे आहे. तथापि तेथे आपण कामगाराच्या सुखदुःखाने हेलावतो. नफ्याची वही मात्र मिटलेलीच राहते.

आणि आपले वऱ्हाड? अमेरिकेतील 1861 ते 1865 च्या यादवीने आपल्या कापसाला सोन्याचा भाव आणला. पाठोपाठ आगगाडी आली, जिने व प्रेस उभे राहिले. 1881 च्या फॅक्टरी कायद्यात शंभराहून कमी मजुरांचा, किंवा वर्षातून चार महिन्यांहून अधिक न चालणारा कारखाना धरलेलाच नव्हता; हंगामी जिनाला ती पळवाट पुरेशी होती. मुंबईच्या गिरणीवर लिहिणारा निदान वरेरकर तरी निघाला. रुईच्या धुळीत सरकी निवडणाऱ्या बायांवर कोणी लिहावयाचे?

अमरावतीतील एका स्नेह्याच्या माळ्यावर त्याच्या आजोबांच्या अडत दुकानाच्या दोन वह्या आहेत. अडत, हमाली, तोलाई, कडता, सारे ओळीने मांडलेले असावे. वह्या मोडीत आहेत. घरात कोणालाच त्या वाचता येत नाहीत. मीही अजून मोडी शिकलेलो नाही.