‘दुष्परिणाम’ : एका शब्दाची चिकित्सा

वैद्यकविषयक मराठी गद्यात ‘दुष्परिणाम’ हा शब्द इतका रूढ झाला आहे की, त्याचे औचित्य तपासण्याची आवश्यकता सहसा कोणास वाटत नाही. अवयवरोपणानंतर घ्यावयाच्या प्रतिकारदमनकारी औषधांच्या संदर्भात मात्र त्याचे उणेपण उघड होते.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६५ साली मृत व्यक्तीच्या मूत्रपिंडाचे रोपण करण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा वैद्यकाच्या हाती मुख्यतः अॅझाथायोप्रिन व स्टेरॉइडे होती. १९८३ मध्ये सायक्लोस्पोरिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. पुढे टॅक्रोलिमस आले. रोपित अवयव अधिक काळ टिकू लागले. परंतु त्यांबरोबर रक्तदाब व रक्तशर्करा यांचा प्रश्नही बळावला.

याचे कारण औषधांच्या क्रियेतच आहे. ही दोन्ही औषधे कॅल्सिन्युरिन या विकराचे कार्य रोखतात. टी-पेशींत ते थांबले की परक्या अवयवावरील हल्ला मंदावतो. तेच विकर मूत्रपिंडाच्या नलिकांत व स्वादुपिंडाच्या बीटा-पेशींतही असते. तेथे ते रोखले गेल्याने शरीरात मीठ साठते आणि इन्सुलिनचा स्राव घटतो. शिवाय सूक्ष्म धमन्या आकुंचन पावून रक्तदाब चढतो. स्टेरॉइडे यकृतातील शर्करानिर्मिती वाढवितात, तर सिरोलिमस रक्तातील मेद वाढविते. मायकोफेनोलेट व अॅझाथायोप्रिन यांच्यावर मात्र हा आरोप सहसा येत नाही. यास्तव सर्व औषधांस एकाच शब्दाने दोषी ठरविणे अशास्त्रीय होय.

‘दुस्’ हा उपसर्ग दोष लावतो. कार्यकारणभाव सांगत नाही. ‘उपपरिणाम’ म्हणावे, तर गोष्ट गौण भासते. आयुर्वेदातील ‘उपद्रव’ ही संज्ञा मूळ व्याधीच्या मागून, त्याच्याच आश्रयाने उद्भवणाऱ्या व्याधीस लावतात. ती अर्थाने जवळची असली तरी रोगाची आहे, औषधाची नव्हे. त्यामानाने ‘सहपरिणाम’ हा शब्द अधिक नेमका ठरतो. कारण इष्ट व अनिष्ट ही दोन्ही फळे येथे एकाच क्रियेची आहेत.

शब्द सौम्य केल्याने धोका सौम्य होत नाही, असा आक्षेप यावर येईल. तो रास्त आहे. परंतु प्रश्न सौम्यतेचा नसून आचरणाचा आहे. पनवेलजवळच्या खांदा कॉलनीत राहणाऱ्या आणि तपासणीसाठी हार्बर मार्गाने मुंबई गाठणाऱ्या रुग्णाजवळ दोन भेटींच्या दरम्यान बहुधा छापील सूचनापत्रच असते. ‘दुष्परिणाम’ वाचून त्याने गोळी परस्पर कमी केली, तर रोपित मूत्रपिंड गमावण्याची पाळी येऊ शकते. ‘सहपरिणाम’ वाचणारा गोळी चालू ठेवून रक्तदाब मोजील आणि वैद्यास कळवील, असा संभव अधिक.

अर्थात केवळ शब्द पालटून भागणार नाही. रक्तदाब सामान्यतः १३०/८० च्या खाली असावा. रक्तशर्करा पहिले चार आठवडे दर आठवड्यास, नंतर वर्षभर दर तीन महिन्यांनी व पुढे प्रतिवर्षी तपासावी, हे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक संकेत त्या शब्दालगतच छापले पाहिजेत. ज्या सूचनापत्रात ते नाहीत, ते मराठीत असूनही रुग्णाच्या उपयोगाचे नाही.