तीस धावांचं अंतर

क्रिकेटवेड्या माणसाला आयुष्यातले अविस्मरणीय सामने विचारा, यादी तोंडपाठ असते आणि ती बहुतेकांची सारखीच निघते. लॉर्ड्स १९८३, शारजा १९९८, ईडन गार्डन्स २००१, वानखेडे २०११. माझ्या यादीतही हे सगळे आहेत आणि त्यांच्यावर माझा काही राग नाही. फक्त त्यांच्याबद्दल बोलायला गेलं की बोलणं फार लवकर संपतं. धोनीने षटकार मारला, आपण जिंकलो, रस्त्यावर नाचलो. जिंकलेला सामना शेवटच्या चेंडूत गोळा होऊन बसतो. आधीच्या कितीतरी चांगल्या गोष्टी त्या एका चेंडूखाली दबून जातात. हरलेल्या सामन्याचं तसं होत नाही. तो सुटा सुटा आठवतो, षटकाषटकाने, आणि प्रत्येक तुकडा पुन्हा हातात घेऊन बघावासा वाटतो.

मला जन्मभर पुरलेले सामने तीन आणि तिन्ही हरलेले. बंगळूर, मार्च १९८७, १६ धावांनी. वानखेडे, मे १९९१, दोन धावांनी. चेन्नई, जानेवारी १९९९, १२ धावांनी. सगळी मिळून तीस धावा. तिन्ही वेळा चौथा डाव, तिन्ही वेळा पाठलाग, आणि तिन्ही वेळा आशा धरावी असा एक मुंबईकर फलंदाज मध्यभागी. सुनील गावसकर ९६. दिलीप वेंगसरकर नाबाद १३९. सचिन तेंडुलकर १३६.

बंगळूरची गोष्ट पहिल्या दिवसापासूनच विपरीत होती. पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेतल्या आधीच्या चारही कसोटी अनिर्णित. चिन्नास्वामीवर मात्र चेंडू पहिल्या दिवसापासून हातभर वळायला लागला. मणिंदर सिंगने २७ धावांत सात बळी घेतले, पाकिस्तान ११६ सर्वबाद. आपण १४५. मग पाकिस्तान २४९. आता जिंकायला हव्यात २२१, अशा खेळपट्टीवर जिथे १५० सुद्धा डोंगर वाटावा. वासिम अक्रमने सुरुवातीलाच श्रीकांत आणि अमरनाथ यांना घालवलं. त्यानंतर एका बाजूने ऑफस्पिनर तौसिफ अहमद, दुसऱ्या बाजूने डावखुरा इक्बाल कासिम. एकाचा आत येणार, दुसऱ्याचा बाहेर जाणार, आणि दोघांचाही कधी उसळेल, कधी बसेल, याचा भरवसा नाही.

हा डाव दूरदर्शनवर पाहताना पहिला तासभर मला कळतच नव्हतं की आपण काय पाहतो आहोत. धावा फारशा होत नव्हत्या आणि तरीही डोळे हलवावेसे वाटत नव्हते. हळूहळू लक्षात आलं की बघायची जागा चुकते आहे. चेंडूकडे न पाहता गावसकरच्या हातांकडे पाहायला हवं. चेंडू टप्पा घेऊन वळेपर्यंत बॅट थांबलेली. वळला की बॅट त्याच्यापुढे येणार, तीही पॅडच्या अगदी लगत. खालचा हात इतका सैल की बॅटला लागलेला चेंडू तिथल्या तिथे मरून पडावा. फॉरवर्ड शॉर्ट लेग आणि सिली पॉइंट हात पसरून बसलेले, आणि चेंडू त्यांच्या बोटांच्या अलीकडे वीतभर थांबलेला. एखादा अचानक उसळला की मनगटं खाली, बॅट बाजूला, चेंडू छातीवरून जाऊ द्यायचा. मारण्यासारखा आला की तेवढाच मारायचा. पुढच्या चेंडूला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

ही विद्या कुठून आली, ते मुंबईकराला वेगळं सांगावं लागत नाही. पावसाळ्यात उघड्या, भिजलेल्या खेळपट्ट्यांवर खेळली जाणारी कांगा लीग आणि दादर युनियनचं कडक वळण. चेंडू काय करील याचा नेम नाही हे गृहीत धरूनच तिथली पोरं उभी राहायला शिकत. सदतीस वर्षांचा गावसकर त्या दिवशी पाच तासांहून जास्त वेळ, २६४ चेंडू, तेच करत राहिला. दुसऱ्या टोकाला माणसं येत-जात होती. त्याच्यानंतरची सर्वांत मोठी धावसंख्या अझरुद्दीनची २६. संघाच्या २०४ पैकी ९६ एकट्याच्या.

१८० धावांवर कासिमचा एक चेंडू वळला, उसळला आणि स्लिपमध्ये रिझवान-उझ-झमानच्या हातात गेला. आठवा बळी, अजून ४१ हव्या होत्या. मी तो चेंडू कितीतरी वेळा मनात खेळून पाहिला आहे. त्यावर वेगळं काही करता आलं असतं असं वाटत नाही. शतकाला चार धावा कमी पडल्या याची हळहळ लोक अजून करतात. मला ती कधीच वाटली नाही. शंभराचा आकडा त्या डावाला काय देणार होता? तो गावसकरचा कसोटीतला शेवटचा डाव ठरला. आधीच्याच कसोटीत, अहमदाबादला, त्याने दहा हजार धावा पूर्ण केल्या होत्या. त्याच्या सगळ्या कसोटी धावांतल्या मला निवडून ठेवायला सांगितल्या, तर मी या ९६ ठेवीन.

वानखेडेचा सामना रणजीचा अंतिम सामना. हल्लीच्या मुलांना रणजीच्या सामन्याला माणसं जात असत, हेच खरं वाटत नाही. मे महिन्याचं ऊन, तापलेल्या पायऱ्या, घामाने अंगाला चिकटलेले शर्ट, आणि समोर कपिल देवचा हरियाणा. त्यांनी ५२२ केल्या, दीपक शर्माच्या त्यात १९९. मुंबई ४१०. रणजीचा नियम असा की अंतिम सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावातली आघाडी घेणारा संघ विजेता. म्हणजे हरियाणाने नुसता तग धरला तरी करंडक त्यांचा. दुसऱ्या डावात ते २४२ वर आटोपले आणि शेवटच्या दिवशी मुंबईपुढे ३५५ आल्या. मुंबईला दुसरा मार्गच नव्हता. खडूसपणाबद्दल नाव असलेल्या संघाला त्या दिवशी जुगार खेळणं भाग पडलं. म्हणून तर ती दुपार एवढी बहारीची झाली.

३४ धावांत तीन गेले. मग पस्तिशीचा वेंगसरकर आणि नुकताच अठरा पूर्ण केलेला सचिन. सचिनने ७५ चेंडूंत ९६ केल्या. पुन्हा ९६! पण गावसकरच्या ९६ शी या डावाचं काहीही नातं नव्हतं. पोरगं समोर कपिल आहे की चेतन शर्मा, हे न बघता उभं-आडवं मारत सुटलं होतं. मैदानाला वाटायला लागलं की हे होणार. सचिन बाद झाल्यावर वेंगसरकरने डाव आपल्याकडे घेतला, आणि इथून पुढचं मला जास्त मोलाचं वाटतं. एरवी त्याची फलंदाजी म्हणजे उंच, ताठ शरीराचा दिमाखदार ड्राइव्ह. पुढचा पाय लांब पडायचा, बॅट सरळ खाली यायची, आणि चेंडू गवताला न सोडता मिडऑनकडे जायचा. त्या संध्याकाळी तो हात उचलून मारत होता. इतकी वर्षं ज्या फटक्यांना त्याने कटाक्षाने टाळलं, तेच फटके काढत होता. शैलीदार माणूस शैली बाजूला ठेवून खेळतो तेव्हा त्याची तळमळ उघडी पडते, ती पाहताना थोडं अवघडल्यासारखंही होतं.

शेवटचा जोडीदार अ‍ॅबी कुरुविला आला तेव्हा अजून ५० हव्या होत्या. वेंगसरकरच्या पायात गोळे आलेले, त्याच्यासाठी धावायला लालचंद राजपूत. एक एक करत, मध्ये चौकार-षटकार मारत, ५० च्या तीन झाल्या. आणि कुरुविला धावबाद झाला.

या शेवटाकडे जरा बारकाईने पाहायला हवं. रनर घेतलेला फलंदाज स्ट्राइकवर नसला की नियमाप्रमाणे बाजूला, पंचाजवळ, खेळाच्या आड येणार नाही असा उभा राहतो. कुरुविलाने शेवटचा चेंडू खेळला तेव्हा धाव कुरुविलाची होती आणि राजपूतची. १३९ धावा करून सामना इथवर आणणारा माणूस बाहेर उभा. बॅट हातात, पण आमच्याइतकाच हतबल. स्टँडमधल्या हजारो जणांना आणि त्याला ती धाव सारखीच लांबून दिसली. गोलंदाजाने हरवलं असतं तर त्याचं काही वाटलं नसतं. गावसकरला कासिमने हरवलं होतं. इथे त्याला कुणीच हरवलं नाही, तरी तो हरला. मग मैदानातच वेंगसरकर रडला. एवढा मोठा खेळाडू, लॉर्ड्सवर तीन शतकं ठोकलेला, आणि स्थानिक स्पर्धेतल्या पराभवाने रडतो, याचं तेव्हा काहींना नवल वाटलं होतं. मुंबईत वाढलेल्याला वाटण्याचं कारण नव्हतं.

हरियाणाचं ते पहिलंच रणजी विजेतेपद. त्यांनी ते कमावून घेतलं होतं, हेही सांगायलाच हवं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पाकिस्तानचा दौरा होऊ नये म्हणून त्याच वानखेडेची खेळपट्टी शिवसैनिकांनी उखडली. दौरा रद्द झाला. पुढे जानेवारी १९९९ मध्ये दिल्लीच्या फिरोजशहा कोटलाची खेळपट्टी खणली गेली आणि पहिली कसोटी चेन्नईला हलली. म्हणजे बंगळूरला गावसकर बाद झाला त्यानंतर भारतात पाकिस्तानविरुद्ध खेळली गेलेली पहिलीच कसोटी ही चेपॉकची, जवळजवळ १२ वर्षांनी. मधल्या काळात या दोन संघांमधली कसोटी म्हणून भारतातल्या प्रेक्षकांनी घरच्या मैदानावर काहीच पाहिलं नव्हतं. ते संपलं तिथूनच सुरू झालं, आणि संपलंही तसंच.

सचिन पहिल्या डावात तिसऱ्याच चेंडूवर बाद झाला होता. सकलेन मुश्ताकला पुढे येऊन मारायला गेला आणि झेल उडाला. शून्य. दुसऱ्या डावाचं वाचन इथून सुरू करायला हवं, कारण हा सगळा डाव त्या एका फटक्याचं उत्तर होता. आफ्रिदीच्या १४१ धावांनी पाकिस्तान निसटून जाणार असं दिसत असतानाच व्यंकटेश प्रसादने एकही धाव न देता पाच बळी काढले आणि लक्ष्य २७१ वर आलं. वकार युनूसने दोन्ही सलामीवीर सहा धावांत घालवले. चौथ्या दिवशी सकाळी वासिमने द्रविडचा त्रिफळा उडवला तो चेंडू आत येतोय असं दाखवून बाहेर निघाला; असा चेंडू पडला की फलंदाजाला दोष देता येत नाही. ८२ धावांत पाच गेले.

मग सचिन आणि नयन मोंगिया. सकलेनचा दूसरा, म्हणजे ऑफस्पिनच्या उलट बाजूला वळणारा चेंडू, तेव्हा भल्याभल्यांना कळत नव्हता. सचिन आता पुढे येऊन मारत नव्हता. तो पॅडल करत होता. चेंडू वळो की न वळो, टप्प्यावरच गुडघा टेकवून फाइन लेगकडे ढकलायचा. गावसकरने वळणाऱ्या चेंडूवर जे हातांनी केलं, ते सचिनने चेंडू वळण्याआधीच संपवून केलं. दोघांचे मार्ग उलटे होते, तरी चेंडूला पर्याय ठेवायचा नाही हा हिशेब एकच. सचिन-मोंगियाची भागीदारी १३६ धावांची. नंतर सचिनची पाठ धरली. एखादा फटका मारला की तो वाकायचा, कंबरेवर हात ठेवायचा, चेहरा वाकडा व्हायचा, आणि पुढच्या चेंडूला तो पुन्हा तयार.

मोंगिया ५२ वर उंच मारायला जाऊन बाद झाला तेव्हा ५३ हव्या होत्या. सचिनने पाठीचा हिशेब केला असणार. एकेक धाव काढत राहण्याइतकी ती टिकणार नव्हती. तो चौकार मारत सुटला आणि अंतर १७ वर आलं. सकलेनचा दूसरा पडला, सचिनने तो मिडऑनवरून मारायचा म्हणून बॅट फिरवली, चेंडू कडेला लागून आकाशात गेला आणि मिडऑफला वासिमच्या हातात विसावला. पहिल्या डावात ज्या प्रकारच्या फटक्याने गेला, तसाच, त्याच गोलंदाजाला. 'काय गरज होती?' हा प्रश्न त्या संध्याकाळी घराघरांत विचारला गेला असेल. मी सचिनच्या बाजूचा आहे. थोड्याच वेळापूर्वी त्याच पद्धतीने मारलेले चौकार आपण टाळ्या वाजवून घेतले होते. सतरा धावांसाठी तीन बळी हातात उरले होते, हेही विसरू नये. ते तिन्ही पडेपर्यंत चारच धावा झाल्या. २५८ सर्वबाद.

सामनावीराचा पुरस्कार घ्यायला सचिन बाहेर आला नाही. पाकिस्तानी खेळाडू मैदानाला फेरी मारायला निघाले, आणि चेपॉकचा प्रेक्षक उठून उभा राहिला. टाळ्या वाजवत राहिला. कोटलाची खेळपट्टी खणली गेल्याच्या त्याच महिन्यात.

जवळजवळ दहा वर्षांनी, डिसेंबर २००८ मध्ये, याच मैदानावर इंग्लंडविरुद्ध ३८७ चा पाठलाग झाला. सचिन नाबाद १०३. शेवटचा फटका ग्रॅहम स्वानला, पॅडल, फाइन लेगला चौकार, त्याच फटक्यावर शतक आणि विजय. २६/११ नंतरचे ते दिवस. त्या दिवशी मीही ओरडलो होतो. हिशेब फिटला, असं पुष्कळांनी म्हटलं. पण कुणी चेपॉकचं नाव काढलं की मला आठवतो तो सकलेनचा दूसरा आणि वर गेलेला झेल. २००८ ची गोष्ट दुसऱ्याने काढावी लागते.